जायफळ मीच उगाळलं

पोरगी उठत नव्हती. गालाला हात लावला, हलवलं, कानाजवळ टाळी वाजवली, तळपायाला चिमटा घेतला, तरी नाही. मान अशी लोंबत होती माझ्या हातावर, पिळलेल्या कपड्यासारखी. नाकाखाली बोट धरलं तर श्वास लागला, मग परत धरलं, मग वाटलं हा माझाच श्वास असेल, कारण मीच धापा टाकत होते. कूलर घरघर करत होता, खिडकीला जाड चादर ठोकलेली, भर दुपारी खोलीत अंधार, आणि तिच्या बाजूला हे झोपलेले, तोंडावर टॉवेल घेऊन. आणि मी ओरडले नाही. आता सांगताना मलाच खरं वाटत नाही, पण मी आधी कुजबुजले. "अहो, उठा ना, पोरगी उठत नाहीये."

कुजबुजले कारण यांची कारखान्यात नाइट शिफ्ट चालू होती. आमच्या टाउनशिपमध्ये राहिल्याशिवाय हे कळणार नाही. ज्या घरची नाइट असेल त्या घरची खिडकी दिवसा काळी असते, आणि खालपासून वरपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. बाया जिन्यात चपला हातात घेऊन चढतात. कुकरच्या शिट्ट्या आधीच उरकतात. पोरं खाली क्रिकेट खेळायला लागली की कोणीतरी गॅलरीतून हात हलवतं, हल्ला मत करो, नाइटवाले सो रहे हैं. मी लग्न होऊन वर्ध्याकडून इथे भोपाळला आले तेव्हा मला वाटलं होतं ह्या बिल्डिंगमध्ये कोणी मेलंय. मग कळलं, रोजच असं असतं. मग मीही शिकले, भांडं ठेवायचं तर आधी खाली फडकं ठेवायचं. पण मांडीवरच्या पोरीला कोण शिकवणार, तिला दात येत होते, ती रडणारच.

मग ओरडले. हे उठून बसले आणि म्हणाले, "अरे यार, झोपली आहे तर झोपू दे ना, किती दिवसांनी झोपलीये." मी म्हटलं हात लावून बघा. त्यांनी लावला. मग ते स्कूटरची चावी शोधायला लागले, चावी खुंटीला लटकत होती आणि ते गादीखाली शोधत होते.

मी अनवाणीच उतरले. वरून काकू माझ्या चपला घेऊन मागे आल्या. त्याआधी मी वर त्यांच्याकडेच बसले होते, म्हणून पोरगी यांच्याजवळ होती. काकू म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, इंदूरच्या, शाळेत मराठी-हिंदी शिकवायच्या, आता रिटायर आहेत. त्यांनी टाउनशिपमधल्या मराठी बायांना दुपारी जमवायला सुरुवात केली होती, काहीतरी लिहायचं, वाचून दाखवायचं, मराठी मंडळाच्या अंकात घालायचं. मला म्हणाल्या तू पण ये. मी म्हटलं काकू, मी नववीत सोडलं, मला काय येतं. त्या म्हणाल्या, "येतं काय आणि न येतं काय, तू भाजी करताना काय विचार करतेस तेच लिही." मला लई हसू आलं होतं. यांना विचारलं तर हे म्हणाले जा ना, मी आहे की घरात, झोपेल ती माझ्याजवळ. मला इतकं बरं वाटलं. पोरगी झाल्यापासून एकटी कुठे गेलेच नव्हते, आणि कुठे जाणार होते, एक मजला वर.

तर वर बसून मी कान खाली लावले होते. काकू सांगत होत्या की गोष्ट म्हणजे काही आग लागली पाहिजे, कोणी पळून गेलं पाहिजे असं नाही. म्हणाल्या, "घरात आवाज न करता काय बदललं ते बघा. कप तोच, माणूस तोच, पण चहा द्यायची पद्धत बदलली, एवढ्यात पण गोष्ट असते." बाकीच्या बाया माना हलवत होत्या. मी खालचं रडणं ऐकायचा प्रयत्न करत होते आणि रडणं येत नव्हतं. मला वाटलं, आज शहाणी झाली माझी बाई. मी आणखी थोडी बसले. काकूंच्या घरचा चहा पण घेतला.

स्कूटरवर मी पोरीला छातीशी असं दाबून धरलं होतं की तिचं तोंड माझ्या गळ्याला लागत होतं. आणि तिच्या तोंडाला जायफळाचा वास येत होता.

मी तिला गुटी देते, सकाळी, आंघोळ झाली की. सहाणेवर हळकुंड, वेखंड, बदाम, खारीक, एकेक वेढा उगाळायचा आणि बोटाने चाटवायचं. सासूबाईंनी शिकवलंय, माझ्या आईने पण तसंच केलं असतं. पण जायफळ मी घालतच नव्हते. ऊन होतं, आणि सासूबाईंनी डोळे मोठे करून सांगितलं होतं, "जायफळ नुसतं टेकवायचं सहाणेला, उगाळायचं नाही, पोर गुंगीत जाते." म्हणून मला भीतीच वाटायची त्याची. डब्यात असायचं, हात लावत नव्हते.

आणि त्याच आठवड्यात हे म्हणाले होते, "हिला काहीतरी दे ना यार. आई आम्हाला द्यायची, आम्ही झोपून राहायचो." मी म्हटलं होतं, नाही बाप्पा, मला नाही जमणार.

स्कूटरवर मला सगळं कळलं. गेटपासून हॉस्पिटलपर्यंत रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे झाडं आहेत, आणि मी यांच्या पाठीकडे बघत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. हे लई जोरात चालवत होते, आणि मधेच मान वळवून विचारत होते, "हलली का? हलली का?" त्यांचा आवाज फाटला होता. ते पण खरंच होतं. ते मी खोटं म्हणणार नाही.

टाउनशिपच्या, म्हणजे कारखान्याच्याच, हॉस्पिटलमध्ये लेडी डॉक्टर होत्या. त्यांनी पोरीच्या डोळ्यात बॅटरी मारली, छातीला नळी लावली, नर्सला काहीतरी सांगितलं, हातात सुई टोचली तेव्हा पोरगी थोडीशी कण्हली, तेवढंच. मग डॉक्टर आमच्याकडे वळल्या.

"क्या दिया बच्ची को?"

मी पोरीच्या पायावरची चादर सारखी करत राहिले.

"देखिए, कुछ तो दिया है. अफीम? नींद की गोली? कफ सिरप? जल्दी बताइए, मैं अंधेरे में इलाज नहीं कर सकती."

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे बघत होते, तिथे पंख्याचं बटण होतं, त्याच्याकडे. मी वाट पाहिली. खरं सांगते, थोडीच असेल पण मी पाहिली. मला वाटलं आता बोलतील. नर्स पण थांबली होती. डॉक्टर म्हणाल्या, "पापा किस शॉप में हैं?" शॉप म्हणजे कारखान्यातला विभाग, इथे हॉस्पिटलमध्ये नावाआधी तेच विचारतात. आणि ते ऐकल्यावर मी वाट बघायची सोडली.

कारण हे क्रेनवर असतात. वर केबिनमध्ये बसून लोखंड उचलायचं, इकडून तिकडे न्यायचं, आणि खाली माणसं काम करतात. आदल्या आठवड्यात यांना वर बसल्या बसल्या डुलकी लागली होती. लोखंड नको तिथे टेकलं. कोणाला लागलं नाही, पण साहेबांनी सांगितलं, परत असं झालं तर क्रेन काढून घेऊ. हे घरी येऊन मोरीत बसले, डोळे लाल, आणि म्हणाले, "मी एक दिवस कोणालातरी मारीन." मग पोरगी रडायला लागली आणि ते उशी डोक्यावर दाबून पडून राहिले. मी पोरीला घेऊन जिन्यात जाऊन बसले होते. रोजच बसत होते. जिन्यात तरी किती बसणार, तिथे पण आवाज घुमतो.

तर मला वाटलं आता डॉक्टर लिहितील, क्रेनवाल्याने झोप येत नाही म्हणून पोरीला गुंगीचं दिलं, आणि तो कागद जाईल कारखान्यात. मग क्रेन जाईल, मग काय काय जाईल. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, मला इतकं डोकं आहे हे मलाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मैंने दिया. जायफल. गुट्टी में. ज़्यादा घिस गया."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पढ़ी-लिखी हो?"

"नौवीं."

"नौवीं तक भी इतना तो समझ आता है." मग त्या नर्सला बोलल्या, हे लोग ना, घर-घर में यही करते हैं. मग लागल्या कामाला.

मी यांच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं पाहिलं तर त्यांना लाज वाटेल. त्यांना लाज वाटू नये याची मला काळजी पडली होती, माझी पोरगी समोर सुई लावून पडलेली असताना.

पोरगी संध्याकाळी रडली. आधी बारीक, मग जोरात. त्या वॉर्डात मी ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज तो. डॉक्टर म्हणाल्या आता ठीक आहे, उद्यापर्यंत राहू दे. हे बाहेर सायकल स्टँडजवळ जाऊन आले, डोळे पुसून आले असावेत, आणि बिस्किटचा पुडा आणला. म्हणाले, "चहा घेतेस का?"

मी म्हटलं, घेते.

मला वाटलं चहा पिताना बोलतील. नाही बोलले. मग वाटलं घरी गेल्यावर. घरी गेलो तर सहाण धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी करून ठेवलेली होती, आणि गुटीचा डबा जागेवर. मी उघडून पाहिला. जायफळाची एक बाजू ताजी घासलेली होती, सपाट, पांढरट. मी झाकण लावलं. हे मागे उभे होते, टॉवेल खांद्यावर. मला माहीत आहे त्यांनी बघितलं मी काय बघितलं ते. ते म्हणाले, "पाणी गेलंय का?" मी म्हटलं, नाही, येतंय.

असं आमचं बोलणं झालं त्याच्यावर.

मग सासूबाई आल्या. त्या मोठ्या दिरांकडे असतात, इथेच भोपाळमध्ये, अशोका गार्डनला. सासरे सरकारी नोकरीत होते, राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून ऑफिसबरोबर आले, टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले, मग तिकडे घर बांधलं. ऑटोतून उतरल्या त्याच बोलत बोलत.

"काहून व, तुला मी सांगितलं नव्हतं? तोंडाने सांगितलं, हाताने करून दाखवलं, आता काय लिहून भिंतीवर चिकटवू?"

मी खाली बघत होते.

"माझी चार पोरं वाढली ह्या गुटीवर. एकाला शिंक आली नाही. हिला एक पोर दिली देवाने तर तिला निजवून टाकायला निघाली. तुला झोप पाहिजे होती का? दिवसा काय राबत होतीस इतकी?"

हे जेवत होते. ताटात वरण-भात होता, मीच वाढला होता. मी तेव्हा वर पाहिलं, यांच्याकडे. मला वाटलं आता, आता तर आईच आहे, घरातलं माणूस, इथे कसला कागद. हे भात कालवत होते. मग म्हणाले, शांत आवाजात, एकदम समजूतदार, "जाऊ दे आई. नवीन आहे ती. होते चूक माणसाकडून. शिकेल."

त्यांनी मला माफ केलं. सासूबाईंसमोर, जेवता जेवता.

आणि सासूबाई म्हणाल्या, "तू म्हणून. दुसरा कोणी असता तर घरात ठेवली नसती." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नवरा चांगला मिळाला आहे, त्याची कदर कर."

काकू म्हणतात ते मला त्या वेळी कळलं, आवाज न होता काय बदलतं ते. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. मी उठून त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं. फक्त वाढताना रोज मी विचारते, पुरे का, आणि मग ते हात मधे करतात. त्या दिवशी मी विचारलं नाही. ताट भरून वाहायला लागलं तेव्हा ते म्हणाले, अगं बस.

नंतर हळूहळू ते जिन्यात पसरलं. खालच्या भाभी मला पाहिलं की त्यांच्या सुनेला सांगतात, पूछ इनसे, जायफल का क्या होता है. हसून सांगतात, वाईट बाई नाहीत त्या. समोरच्या घरी वाढदिवस होता, तिथे यांचे दोस्त होते. हे कोल्ड्रिंकचा ग्लास हातात घेऊन म्हणाले, "हमारी मैडम ने तो एक दिन बच्ची को ऐसा सुलाया कि सीधे हॉस्पिटल." सगळे हसले. मी पण हसले. हे हसताना माझ्याकडे बघत होते, सरळ डोळ्यात, आणि त्यांच्या डोळ्यात काहीच नव्हतं. लपवणारं माणूस दिसतं ना, पापणी हलते, तसं काही नाही. मला वाटतं त्यांना आता खरंच तसं वाटतंय. मीच उगाळलं. कधी कधी भांडी घासता घासता मलाच दिसतं, माझा हात, सहाण, जायफळ. मग मी आठवते की मी वर होते, काकूंच्या चटईवर, हातात चहा होता. रोज आठवावं लागतं. कोणी दुसरं आठवून द्यायला नाही.

आता असं झालंय. परवापासून यांची परत नाइट लागते. रविवारी सासूबाई आल्या होत्या आणि ठरवून गेल्या, नाइट असेल त्या आठवड्यात पोरगी अशोका गार्डनला राहील. "त्याला झोप मिळेल, आणि पोर पण नीट राहील. इथे हिच्या भरवशावर ठेवायची म्हणजे मला रात्री डोळा लागत नाही." मी म्हटलं, आई, ती अंगावर पिते अजून. त्या म्हणाल्या, "तोडायची वेळ झालीच आहे. दोन दिवस रडेल." मी म्हटलं, नेऊ नका. पहिल्यांदाच त्यांना असं तोंडावर नाही म्हटलं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं.

हे म्हणाले, "अगं, भेटायला जाऊ ना आपण. तिच्या चांगल्यासाठीच आहे."

मी काकूंना सगळं सांगितलं, आजच, जिन्यात. त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "लिही. नाव टाकू नकोस कोणाचं." मी म्हटलं लिहून काय होईल. त्या म्हणाल्या, ते मला नाही माहीत.

म्हणून लिहिते आहे, मोरीतली बादली भरेपर्यंत, पोरगी मांडीवर आहे, पेन ओढते आहे. अक्षर समजून घ्या.

मी आता जर म्हटलं की मी नव्हतंच उगाळलं, तर कोण ऐकणार. डॉक्टरसमोर मीच बोलले, सगळ्या बिल्डिंगसमोर मीच हसले. आणि यांनी जर ऐकलं आणि मान्य केलं, तर परत झोप उडेल त्यांची, आणि क्रेनवर बसतात ते, खाली माणसं असतात, कोणाच्या तरी घरची. तेही मला दिसतं. आणि न बोलता पोरगी पाठवली, तर ती आजीला आई समजेल, आणि मोठी झाल्यावर तिला पण हेच सांगतील, तुझ्या आईने तुला काय केलं होतं ते.

आणि एक आणखी आहे, ते मी काकूंना पण सांगितलं नाही. भांडण करून, रडून, पाय धरून पोरीला इथे ठेवून घेतली, तर इथे कोण आहे. काळी खिडकी आहे, कूलर आहे, आणि हे आहेत, दिवसभर. मला आंघोळीला जावं लागतं. खाली भाजीवाला येतो. गच्चीवर कपडे टाकावे लागतात. तेवढ्यात ती रडली तर? तिकडे आजीच्या घरी तिला कोणी काही देणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. सासूबाई मला कितीही बोलोत, पोरीला त्या जपतील. म्हणजे त्या म्हणतात तेच बरोबर आहे, फक्त ज्याच्यामुळे म्हणतात ते बरोबर नाही.

पोरगी आता जागी आहे. माझ्या मंगळसूत्राचा मणी तोंडात घालायला बघते आहे. तिच्या दोन झबल्यांची घडी मी घातली, मग मोडली, मग परत घातली. हे आत दाढी करताहेत आणि विचारताहेत, "बॅग भरली का गं?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही वाचणाऱ्या बाया शिकलेल्या आहात, वयाने मोठ्या आहात, तुम्हाला पोरं आहेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं त्यांना?